पिकअप वाहनातील बॉल जॉइंट : रचना, तपासणी आणि बदलण्याची पद्धती

काढणीनंतर शेतमाल बाजारापर्यंत नेण्याच्या कामात पिकअप वाहनाला आज मोठे स्थान आहे. हिमाचल प्रदेशातील सफरचंदाच्या बागा असोत, कोलार परिसरातील टोमॅटोची शेते असोत, की नाशिक भागातील कांद्याच्या चाळी असोत. बांधापासून डांबरी रस्त्यापर्यंतचा खडबडीत टप्पा बहुधा हेच वाहन पार करते. इंजिनाचे तेल, टायरमधील हवा आणि ब्रेक यांकडे बहुतेक वाहनधारकांचे लक्ष असते. पुढच्या चाकाला वाहनाशी जोडून ठेवणारा बॉल जॉइंट मात्र दृष्टीआड असल्याने दुर्लक्षित राहतो.

हा भाग आकाराने मुठीएवढा असतो. तो निखळला तर चाक आडवे होते, सुकाणूवरील ताबा जातो आणि वाहन जागीच बसते किंवा रस्ता सोडते. मालाचे नुकसान भरून काढता येते. चालकाच्या व रस्त्यावरील इतरांच्या जिवाचे तसे नाही. बॉल जॉइंट सहसा एकाएकी निकामी होत नाही. तो आधी सूचना देतो आणि योग्य पद्धतीने तपासल्यास त्याची झीज वेळेत लक्षात येते. मात्र तपासणीच्या वेळी जॅक चुकीच्या ठिकाणी लावल्यास झिजलेला जॉइंटही घट्ट भासतो. म्हणून कोणत्या जॉइंटवर भार येतो, हे समजून घेणे हाच या विषयाचा पाया आहे.

रचना आणि कार्य

बॉल जॉइंटची रचना माणसाच्या खांद्याच्या किंवा खुब्याच्या सांध्यासारखी असते. एका पोलादी खुंटीच्या टोकाला गुळगुळीत गोळा असतो आणि हा गोळा धातूच्या वाटीत बसविलेला असतो. गोळा आणि वाटी यांच्यामध्ये प्लास्टिकचे किंवा धातूचे अस्तर व ग्रीस असते. खुंटीचे दुसरे टोक निमुळते असून त्याच्या शेवटी आटे असतात. हे निमुळते टोक समोरच्या भागातील तशाच निमुळत्या छिद्रात नटाने ओढून घट्ट बसविले जाते. वाटीच्या तोंडावर रबरी बूट असतो. तो ग्रीस आत राखतो आणि धूळ व पाणी बाहेर ठेवतो.

चाकाचा हब ज्या ओतीव किंवा घडीव भागावर बसतो, त्याला कारागीर नकल म्हणतात. वाहनाच्या चौकटीला, म्हणजे चेसीला, दोन भुजा जोडलेल्या असतात. त्यांना वरचा आर्म आणि खालचा आर्म असे म्हणतात. या दोन्ही आर्मची बाहेरील टोके बॉल जॉइंटने नकलला जोडलेली असतात. त्यामुळे चाकाला दोन प्रकारच्या हालचाली एकाच वेळी करता येतात. खड्ड्यात चाक खालीवर होते आणि वळणावर ते डावीउजवीकडे फिरते. बिजागरीला एकाच दिशेची हालचाल जमते. गोळा व वाटी यांच्या सांध्याला अनेक दिशांची जमते.

गोळ्याचा पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे, यावर जॉइंटचे आयुष्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. अमेरिकेत २००५ मध्ये एका मोठ्या उत्पादकाने सात लाखांहून अधिक पिकअप व तत्सम वाहने तपासणीसाठी परत बोलावली होती. निर्मितीच्या वेळी गोळ्यावर पडलेल्या ओरखड्यांमुळे पुढचे बॉल जॉइंट अकाली झिजण्याचा धोका निर्माण झाला होता. कारखान्यात पडलेला ओरखडा जे करतो, तेच काम फाटलेल्या बुटातून शिरलेला वाळूचा कणही करतो. भारतातील शेतरस्त्यांवर दुसरी शक्यता अधिक असते.

आपल्या वाहनाची रचना ओळखणे

सर्व मालवाहू वाहनांची पुढची बाजू सारखी नसते. तपासणीपूर्वी वाहन पुढीलपैकी कोणत्या प्रकारात मोडते, हे पाहावे.

१. दोन आर्मची स्वतंत्र रचना : वर व खाली असे दोन आर्म असतात. इसुझू डी-मॅक्स आणि टोयोटा हायलक्स या पिकअपमध्ये पुढे अशी रचना आहे. येथे प्रत्येक बाजूला दोन, म्हणजे एकूण चार बॉल जॉइंट तपासावे लागतात.

२. मॅकफर्सन स्ट्रट रचना : येथे वरचा आर्म नसतो. स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब चाकाला वरून आधार देतो आणि खाली एकच आर्म व एकच बॉल जॉइंट असतो. २०१६ मध्ये बाजारात आलेल्या मारुती सुपर कॅरीमध्ये पुढे ही रचना आहे.

३. अखंड आस व पाटे : दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा आस आणि त्यावर कमानपाटे असतात. २००५ मध्ये आलेल्या टाटा एस या छोट्या मालवाहू वाहनाच्या मूळ रचनेत पुढे असा आस होता. अशा आसात नकल सामान्यतः किंगपिनवर फिरते. तेथे आर्मचे बॉल जॉइंट नसतात. सुकाणूच्या टाय रॉडच्या टोकांना मात्र लहान बॉल जॉइंट असतात.

हा लेख प्रामुख्याने पहिल्या प्रकाराविषयी आहे. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारासाठी आवश्यक तो फरक त्या त्या ठिकाणी सांगितला आहे.

भार वाहणारा जॉइंट कोणता?

दोन आर्मच्या रचनेत वरचा व खालचा जॉइंट दिसायला सारखे वाटले तरी त्यांचे काम सारखे नसते. वाहनाचे वजन स्प्रिंगमार्फत चाकापर्यंत येते. स्प्रिंग ज्या आर्मवर टेकलेली असते, त्या आर्मचा बॉल जॉइंट वाहनाचा भार वाहतो. दुसरा जॉइंट मुख्यतः चाक उभे व योग्य दिशेत राखण्याचे काम करतो.

बहुसंख्य पिकअपमध्ये स्प्रिंग खालच्या आर्मवर असते. काहींमध्ये गुंडाळीच्या स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेणारी लांब पोलादी सळई असते. ती खालच्या आर्मला जोडलेली असल्यास नियम तोच राहतो. अशा वाहनांत खालचा जॉइंट भारवाहक असतो आणि तोच सहसा आधी झिजतो. स्प्रिंग वरच्या आर्मवर असल्यास वरचा जॉइंट भारवाहक ठरतो. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये भार उभ्या खांबातून जातो. म्हणून खालच्या जॉइंटवर वाहनाचे वजन येत नाही, पण ब्रेक लावताना व वळताना येणारे जोर त्यालाच सोसावे लागतात.

भार कोणत्या दिशेने येतो, हेही महत्त्वाचे आहे. काही रचनांत भारामुळे गोळा वाटीत अधिक घट्ट दाबला जातो. काहींत तो वाटीबाहेर ओढला जातो. दुसऱ्या प्रकारच्या जॉइंटमध्ये झीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास गोळा वाटीतून सुटून बाहेर येऊ शकतो. अशा वाहनात थोडीही ढिलाई पुढच्या हंगामापर्यंत ढकलू नये.

झिजेची कारणे

बूट फाटणे हे झिजेचे पहिले व सर्वांत नेहमीचे कारण आहे. उन्हाने, वयाने किंवा काटेरी फांदी अडकल्याने रबराला चीर पडते. त्या चिरेतून ग्रीस बाहेर येते आणि चिखल आत जातो. त्यानंतर जॉइंटचे आयुष्य वेगाने घटते. भातशेतीच्या भागातील चिखल, नदीकाठची बारीक वाळू आणि कालव्यालगतच्या कच्च्या रस्त्यावरील धूळ ही सर्व यात भर घालतात.

खतांची वाहतूक हे शेतीशी संबंधित असे खास कारण आहे. म्युरेट ऑफ पोटॅश हे क्लोराइडयुक्त खत आहे. त्याचे कण ओल्या धातूवर राहिल्यास गंज वेगाने वाढतो. खत वाहून आणल्यानंतर वाहनाचा खालचा भाग साध्या पाण्याने धुणे हिताचे असते. धुताना उच्च दाबाच्या पाण्याचा झोत थेट बुटावर मारू नये. त्याने पाणी रबराच्या कडेतून आत शिरते.

क्षमतेपेक्षा अधिक माल भरणे हे तिसरे कारण. जादा भार मागच्या हौद्यात असला तरी खड्ड्यात, ब्रेक लावताना आणि उतारावर पुढच्या जोडण्यांवर येणारे जोर वाढतात. जादा भार हा कायद्यानेही गुन्हा आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या २०१९ मधील दुरुस्तीनुसार कलम १९४ अन्वये त्यासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. जादा माल उतरवून घेण्याचा खर्च त्याखेरीज येतो.

चौथे कारण चुकीच्या वंगणाचे किंवा वंगणाच्या अभावाचे. ज्या जॉइंटला ग्रीस निपल असते, त्याला उत्पादकाने सांगितलेल्या अंतराने चेसी ग्रीस द्यावे. ग्रीस गनने जोर करून बूट फुगेपर्यंत ग्रीस भरल्यास बूट फाटतो. बूट किंचित फुगू लागताच थांबावे. अनेक आधुनिक जॉइंट कायमचे बंद असतात आणि त्यांना निपल नसते. अशा जॉइंटमध्ये बुटाला सुई टोचून ग्रीस भरण्याचा प्रयोग करू नये. त्या छिद्रातूनच पुढे पाणी आत जाते.

सूचना देणारी लक्षणे

• गतिरोधकावरून किंवा खड्ड्यातून जाताना पुढच्या बाजूने टक्-टक् किंवा खडखड असा आवाज येणे.
• उभ्या वाहनात सुकाणू फिरवताना करकर आवाज येणे किंवा सुकाणू जड वाटणे.
• सरळ रस्त्यावर वाहन एका बाजूला ओढले जाणे किंवा सतत सुकाणू सावरावे लागणे.
• पुढच्या टायरची आतील किंवा बाहेरील कड इतर भागापेक्षा लवकर झिजणे.
• बूट फाटलेला, तेलकट किंवा चिखलाने माखलेला दिसणे.

यांपैकी बरीच लक्षणे इतर दोषांतही आढळतात. आर्मचे रबरी बुश, टाय रॉडचे टोक, हबचे बेअरिंग किंवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांमुळेही आवाज व ओढ निर्माण होते. म्हणून केवळ आवाजावरून सुटा भाग मागवू नये. आधी तपासणी करावी. उलट, आवाज नाही म्हणून जॉइंट चांगला आहे, असेही मानू नये. भरलेल्या वाहनात भारामुळे गोळा वाटीच्या एका बाजूला दाबलेला राहतो आणि झीज असूनही आवाज होत नाही.

तपासणीची पद्धती

तपासणीसाठी पक्की व सपाट जमीन, चांगला जॅक, जॅक स्टँड, मागच्या चाकांना लावण्यासाठी लाकडी ठोकळे, एक पहार, बॅटरी आणि एक मदतनीस एवढे पुरते. वाहन रिकामे करावे, हॅन्डब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांच्या पुढेमागे ठोकळे लावावेत. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या वाहनाखाली कोणीही शिरू नये.

जॅक कोठे लावावा?

स्प्रिंग किंवा टॉर्शन बार खालच्या आर्मवर असल्यास जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावावा. चाक जमिनीपासून चार-पाच सेंटीमीटर उचलावे. असे केल्याने स्प्रिंगचा जोर जॅकवर येतो, जॉइंट भारमुक्त होतो आणि त्यातील ढिलाई उघड होते.

याच वाहनाची चेसी उचलली तर चित्र वेगळे होते. चाक लोंबते, स्प्रिंग खालच्या आर्मला खाली रेटत राहते आणि जॉइंट ताणाखालीच राहतो. अशा स्थितीत झिजलेला जॉइंटही हलत नाही. अनेक ठिकाणी चाक उचलून हलवून पाहिले, काही आढळले नाही, असे म्हटले जाते. त्यामागे पुष्कळदा जॅकची चुकीची जागा असते.

स्प्रिंग वरच्या आर्मवर असल्यास वरचा आर्म व चेसी यांच्यामध्ये लाकडी ठोकळा बसवून जॅक चेसीखाली लावावा. मॅकफर्सन स्ट्रटच्या वाहनात उत्पादकाने नेमून दिलेल्या जागी जॅक लावून चाक मोकळे लोंबू द्यावे.

तपासणीचे टप्पे

पहिला टप्पा : बूट सर्व बाजूंनी पाहावा. चिखल पुसून रबर हलकेच दाबून चिरा शोधाव्यात. बूट फाटलेला असून आत माती गेली असेल, तर ढिलाई नसली तरी तो जॉइंट बदलण्याच्या यादीत घ्यावा.

दुसरा टप्पा : टायरखाली पहार घालून चाक हलकेच वर उचलावे व सोडावे. मदतनीसाने जॉइंटकडे बॅटरीच्या प्रकाशात पाहावे. आर्म स्थिर असताना नकल वरखाली होत असेल, तर ती उभी ढिलाई होय.

तिसरा टप्पा : टायर वर व खाली, म्हणजे घड्याळातील १२ व ६ च्या जागी धरून आतबाहेर हलवावा. हालचाल जाणवल्यास मदतनीसाला ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. ब्रेक दाबताच हालचाल थांबली, तर दोष बहुधा हबच्या बेअरिंगमध्ये आहे. ती कायम राहिली, तर बॉल जॉइंटचा संशय बळावतो. अखंड आसाच्या वाहनात हाच संशय किंगपिनकडे जातो.

चौथा टप्पा : टायर डावीउजवीकडे, म्हणजे ९ व ३ च्या जागी धरून हलवावा. येथे ढिलाई आढळल्यास टाय रॉडची टोके आणि सुकाणूच्या जोडण्या पाहाव्यात.

किती ढिलाई चालते, याचे उत्तर वाहनागणिक वेगळे असते. काही भारवाहक जॉइंटमध्ये उत्पादक थोडी हालचाल मान्य करतो, काहींमध्ये अजिबात नाही. वाहनाच्या सेवा पुस्तिकेतील मर्यादा प्रमाण मानावी आणि डायल गेजने मोजमाप घ्यावे. भार न वाहणाऱ्या जॉइंटमध्ये हाताला जाणवणारी ढिलाई सामान्यतः स्वीकारार्ह नसते. काही जॉइंटच्या तळाशी झीजदर्शक कडे असते. ते जॉइंटच्या तळाशी समपातळीत आले किंवा आत गेले, की जॉइंट बदलावा. या प्रकारात चाके जमिनीवर टेकलेली असताना, म्हणजे जॉइंटवर भार असतानाच निरीक्षण करायचे असते.

एक मिलिमीटरचा हिशेब

ढिलाई लहान दिसते. चाकावर ती मोठी होते. उदाहरणार्थ, वरच्या व खालच्या जॉइंटमधील अंतर २५० मिलिमीटर आणि टायरचा व्यास ७०० मिलिमीटर आहे, असे समजू. खालच्या जॉइंटमध्ये १ मिलिमीटर आडवी ढिलाई असेल, तर चाक वरच्या जॉइंटभोवती तेवढे कलते. टायरच्या वरच्या व खालच्या कडांमधील फरक ७०० भागिले २५०, म्हणजे २.८ मिलिमीटर होतो. अंशात हा कल सुमारे ०.२३ भरतो. चाक प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक ब्रेकला असा पवित्रा बदलत राहिले, तर टायरची कड झिजणे ओघानेच येते. अलाइनमेंट पुन्हापुन्हा करूनही टिकत नसेल, तर त्याचे कारण बहुधा अशाच एखाद्या ढिल्या सांध्यात असते. ढिले सांधे बदलल्याशिवाय अलाइनमेंटवर केलेला खर्च वाया जातो.

जॉइंट बदलण्याची पद्धती

बॉल जॉइंट आर्मवर तीन प्रकारे बसविलेला असतो : दाबून बसविलेला, नट-बोल्टने जोडलेला किंवा रिव्हेटने जोडलेला. काही वाहनांत तो आर्मपासून वेगळा मिळत नाही आणि पूर्ण आर्मच बदलावा लागतो. काही मोजक्या वाहनांत जॉइंट नकलवर बसतो आणि खुंटी आर्ममध्ये जाते. सुटा भाग घेण्यापूर्वी ही खात्री करावी.

हे काम प्रशिक्षित कारागिराने करावे. स्प्रिंगमध्ये साठलेला जोर प्राणघातक ठरू शकतो. शेतकऱ्याने कार्यपद्धती जाणून घेतल्यास कार्यशाळेत काम नीट होते की नाही, हे त्याला पाहता येते.

१. चाकाचे नट वाहन जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. नंतर चेसी उचलून तिच्याखाली जॅक स्टँड लावावेत आणि चाक काढावे.

२. खालच्या आर्मखाली जॅक लावून त्याला आधार द्यावा. काम पूर्ण होईपर्यंत हा जॅक हलवू नये. नकल सुटल्यावर स्प्रिंगला रोखून धरणारा तोच एकमेव आधार असतो.

३. आवश्यक असल्यास ब्रेकचा कॅलिपर सोडून तारेने चेसीला टांगावा. तो ब्रेकच्या नळीवर लोंबू देऊ नये. चाकाजवळील सेन्सरची तार असल्यास ती सोडवून बाजूला घ्यावी. चारही चाकांना शक्ती असलेल्या वाहनात पुढचा ड्राइव्ह शाफ्ट बाहेर ओढला जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

४. खुंटीच्या नटातील स्प्लिट पिन काढावी आणि नट काही आटे सैल करावा, पण पूर्ण काढू नये. निमुळता भाग सुटताना नकल एकदम निसटू नये, यासाठी हा नट अडसर म्हणून राहतो.

५. निमुळता भाग सोडविण्यासाठी बॉल जॉइंट पुलर वापरावा. खुंटीच्या आट्यांवर हातोडा मारू नये. दुतोंडी पाचर ठोकून जॉइंट सोडविल्यास बूट फाटतो. म्हणून जो जॉइंट पुन्हा वापरायचा आहे, त्यासाठी ती वापरू नये.

६. नट काढून नकल वेगळी करावी आणि दोरीने बांधून ठेवावी.

७. दाबून बसविलेल्या जॉइंटची सर्कलिप काढून इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या स्क्रू-प्रेसने तो बाहेर काढावा. रिव्हेटच्या प्रकारात रिव्हेटची डोकी घासून किंवा ड्रिलने काढावीत. त्या वेळी आर्मला खाच पडू देऊ नये.

८. आर्मचे छिद्र स्वच्छ करून तडे, गंज व घसरण यांची पाहणी करावी. नवा जॉइंट हाताच्या जोराने सहज आत जात असेल, तर छिद्र मोठे झाले आहे असे समजून आर्म बदलावा. अशा जॉइंटला वेल्डिंगचा टाका देऊन बसविणे हा काही ठिकाणी रूढ असलेला उपाय धोकादायक आहे. त्या उष्णतेने आतील अस्तर वितळते, ग्रीस जळते आणि पोलादाचे गुणधर्म बदलतात.

९. नवा जॉइंट बसविताना प्रेसचा जोर त्याच्या बाहेरील कडेवरच द्यावा; टोपीवर, खुंटीवर किंवा बुटावर देऊ नये. जॉइंट सरळ व पूर्ण बसल्यावर सर्कलिप खाचेत नीट बसली आहे, हे पाहावे. रिव्हेटच्या जागी जॉइंटसोबत आलेले उच्च ताकदीचे बोल्टच वापरावेत. बाजारातील साधे बोल्ट येथे चालत नाहीत.

१०. खुंटीचा निमुळता भाग व नकलचे छिद्र पुसून कोरडे करावे. त्यावर ग्रीस किंवा तेल लावू नये, कारण ही पकड घर्षणावर टिकते. नट आवळताना खुंटी गोल फिरू लागल्यास आर्मखालचा जॅक किंचित वर घेऊन निमुळता भाग बसता करावा.

११. नट टॉर्क पान्याने पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंत आवळावा. स्प्लिट पिनचे छिद्र जुळत नसल्यास नट मागे फिरवू नये. पुढची खाच येईपर्यंत आणखी आवळावा. स्प्लिट पिन नेहमी नवी घालावी. स्वतः घट्ट राहणारा नट असल्यास तोही नवाच वापरावा.

१२. निपल असल्यास ग्रीस भरावे, कॅलिपर व चाक बसवावे आणि वाहन जमिनीवर घेऊन चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. सुकाणू दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून ब्रेकची नळी व तारा कोठे ताणल्या जात नाहीत ना, हे पाहावे. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावी.

एका बाजूचा जॉइंट झिजला असेल, तर दुसऱ्या बाजूचाही तेवढाच रस्ता व तेवढाच भार सोसून आलेला असतो. त्याची काटेकोर तपासणी करावी आणि शक्य असल्यास दोन्ही एकत्र बदलावेत.

वाहन केव्हा थांबवावे?

काही दोष पुढच्या सोयीच्या दिवसापर्यंत थांबू शकतात, काही थांबू शकत नाहीत. फाटलेला बूट व ढिलाई नसलेला जॉइंट असल्यास लवकर बदलाचे नियोजन करावे. मर्यादेबाहेर ढिलाई, खुंटीचा सैल नट, तुटलेली स्प्लिट पिन, आर्मवरील तडा किंवा वाटीतून वर आलेला गोळा यांपैकी काहीही आढळल्यास वाहन रस्त्यावर आणू नये. माल भरलेला असला तरी तो दुसऱ्या वाहनात हलवावा. काढणीच्या ऐन दिवसांत हा निर्णय जड जातो. म्हणूनच तपासणी हंगामापूर्वी करणे आवश्यक असते. त्या वेळी दुरुस्तीला अवधी आणि सुट्या भागांची निवड, दोन्ही हाताशी असतात.

ट्रॅक्टरमधील समान भाग

हेच तत्त्व ट्रॅक्टरलाही लागू पडते. सुकाणूच्या टाय रॉडची टोके आणि अवजार जोडण्याच्या तीनकलमी जोडणीतील दांड्यांच्या टोकांचे गोल, हे गोळा-वाटी प्रकाराचेच सांधे आहेत. टाय रॉडच्या टोकात ढिलाई आल्यास रस्त्यावर ट्रॉली ओढताना पुढची चाके डगमगतात. जोडणीच्या दांड्यांतील गोल झिजल्यास अवजार एका बाजूला सरकते. या सांध्यांची तपासणीही त्याच दिवशी उरकावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

हा विषय व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकातून चांगला समजतो. स्थानिक कार्यशाळेतून एक झिजलेला व एक चांगला जॉइंट मिळवावा. जुना जॉइंट मधोमध कापून गोळा, अस्तर आणि आत शिरलेली माती शेतकऱ्यांना दाखवावी. त्यानंतर एकाच वाहनाचे चाक प्रथम चेसीखाली व मग खालच्या आर्मखाली जॅक लावून हलवून दाखवावे. ढिलाई असलेल्या वाहनात दोन्ही वेळचा फरक उपस्थितांना स्वतःच्या हाताने जाणवतो आणि जॅकच्या जागेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

यंत्रांच्या देखभाल-दुरुस्तीचे सखोल प्रशिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या तरुणांना केंद्र शासनाच्या कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थांची माहिती द्यावी. अशा संस्था मध्य प्रदेशातील बुदनी, हरियाणातील हिसार, आंध्र प्रदेशातील गार्लादिन्ने आणि आसाममधील बिश्वनाथ चारियाली येथे आहेत.

हंगामपूर्व तपासणी सूची

• वाहनाची पुढची रचना कोणती आणि स्प्रिंग कोणत्या आर्मवर आहे, याची नोंद.
• चारही बुटांची स्थिती.
• योग्य ठिकाणी जॅक लावून घेतलेली उभी व आडवी ढिलाई, तारखेसह.
• खुंटीचे नट व स्प्लिट पिन.
• टाय रॉडची टोके, हबचे बेअरिंग आणि आर्मचे बुश.
• पुढच्या टायरच्या आतील व बाहेरील कडांची झीज.
• ग्रीस दिल्याची तारीख व किलोमीटरचा आकडा.

ही नोंद वहीत ठेवल्यास गेल्या हंगामाशी तुलना करता येते. ढिलाई वाढते आहे की स्थिर आहे, हे एका तपासणीतून कळत नाही. दोन नोंदींतून कळते. शेतकरी गटांच्या सामायिक वाहनात चालक वरचेवर बदलतात आणि आवाजातील फरक कोणा एकाच्या ध्यानात राहत नाही. अशा ठिकाणी ही वही वाहनातच ठेवावी आणि प्रत्येक चालकाने तिच्यात भर घालावी.

बॉल जॉइंटची तपासणी दोन माणसे अर्ध्या-पाऊण तासात करू शकतात. तिला महागडी यंत्रे लागत नाहीत. भार कोठून येतो हे ओळखणे, जॉइंट भारमुक्त करून पाहणे आणि मर्यादा ओलांडलेली दिसताच वाहन थांबविणे, या तीन गोष्टी पाळल्यास माल आणि माणसे दोन्ही सुखरूप बाजारात पोहोचतात.